छत्तीस फुटी तोंड

मी एक जुना हार्वेस्टर आहे आणि, मित्रांनो, खरे सांगायचे तर सध्या मी रागावलेलो आहे. इतकी वर्षे मी सगळ्यांचे ऐकून घेतले. आता थोडे माझे ऐका.

कॅनडातल्या सॅस्कॅचेवानात प्रिस्टुपांच्या शेतावर पत्र्याची एक लांबलचक शेड आहे. तिथे माझा मुक्काम असतो. पीक कापणे, त्याची मळणी करणे, दाणे वेगळे करून पोटातल्या टाकीत साठवणे आणि भुसा मागे टाकणे, हे माझे काम. माझ्या पुढे जो रुंद, दातेरी भाग जोडतात त्याला हेडर म्हणतात. मी त्याला माझे तोंड म्हणतो. हे तोंड काढता येते आणि दुसरे लावता येते. माझे सगळे भाग्य आणि सगळे दुर्भाग्य या एका सोयीत आहे.

कारखान्यातून मी आलो तेव्हा माझा रंग टोमॅटोसारखा लाल होता. मला विकत घेणारे ओरेस्ट प्रिस्टुपा फार सावकाश माणूस. विकत घेण्याआधी ते दोनदा येऊन मला बघून गेले. तिसऱ्या खेपेला त्यांनी दुकानदाराला विचारले, "हा किती वजन उचलतो?" दुकानदार ताकदीबद्दल, काचेच्या केबिनबद्दल बोलत राहिला. ओरेस्ट म्हणाले, "ते दिसतंय मला. उचलतो किती, ते सांगा." मग त्यांनी चोवीस फुटी तोंड निवडले. गव्हासाठी ते अगदी बेताचे होते. एकोणीस हंगाम मी त्या तोंडाने गहू कापला. काम संपले की ओरेस्ट माझ्या एकेका बेअरिंगवर तळहात ठेवत. कुठे जास्त गरम लागले तर दुसऱ्या दिवशी ते बदललेले असे. या भागात माझ्याइतका स्वच्छ गहू कोणाचा नाही, असे लोक म्हणत. मला ते आवडे. कोणाला आवडणार नाही?

ओरेस्ट वारले आणि शेत त्यांच्या मुलीकडे, व्हेराकडे आले. मला चालवते ती व्हेराच. तिचा हात हलका आहे. तिचा नवरा लेन मात्र खरेदीचा शौकीन. लिलावाची जाहिरात दिसली की त्याला घरात बसवत नाही. माणूस वाईट नाही, पण वस्तू मोठी असली की ती चांगलीच असणार, असे त्याला मनापासून वाटते.

मागच्या वर्षी दोघांनी पहिल्यांदा तीनशे एकर मसूर पेरला. तोच मसूर, ज्याची तुमच्याकडे आमटी होते. इथे तो कोणी खात नाही, नुसता पिकवतात. त्याचे झाड घोट्याच्या जरा वर येते आणि खालच्या शेंगा जमिनीला टेकलेल्या असतात. तो कापायचा तर पाते जमिनीला घासून, जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकत जायला हवे.

लेनने काय आणले? छत्तीस फुटी, ताठ, गव्हाचे तोंड. तेही माझे चोवीस फुटी तोंड लिलावात देऊन.

"बघ तरी!" तो व्हेराला म्हणाला. "अर्ध्या वेळात शेत साफ."

"याला पेलेल का हे?"

"का नाही पेलणार? जोडायला मधली चौकट पण घेतलीये मी."

माझे मत कोणी विचारले नाही. विचारले असते तरी मी सांगणार कसा? ते लोढणे पुढे अडकवले आणि माझी मागची चाके, ज्यांच्यावर मी वळतो, जमिनीवरून उचलल्यासारखी झाली. व्हेरा सुकाणू वळवी आणि मी सरळच जाई. शेतात जरा कुठे उतार आला की तोंडाचे एक टोक हवेत आणि दुसरे मातीत. हवेतले टोक शेंगा सोडून जाई, मातीतले टोक ढेकळे आणि दगड उचलून माझ्या घशात घाली. मित्रांनो, दगड गिळण्याचा आवाज तुम्ही ऐकलेला नाही, ते बरेच आहे.

तीस एकर झाल्यावर टाकी बघितली तर निम्मीसुद्धा भरली नव्हती, आणि होते त्यात अर्धे दाणे फुटलेले. शेजारचे एब थीसन कुंपणापाशी गाडी थांबवून उभे राहिले.

"काय रे लेन, मसूर कापतोयस की जमिनीला परत देतोयस?"

लेनचे कान लाल झाले. त्याने माझ्या चाकाला एक लाथ मारली. "या खटाऱ्यातच दम नाही. म्हाताऱ्याच्या काळातला माल! मळतोय कसला, चुरा करतोय नुसता."

मी! ज्याने एकोणीस वर्षे एक दाणा फुकट घालवला नाही, तो मी!

दुसऱ्या दिवशी लेन कुठल्याशा भंगारवाल्याकडून एक जाळी घेऊन आला. माझ्या पोटात मळणीचा ड्रम फिरतो, त्याच्या खाली ही जाळी असते. गव्हाला तिच्या फटी बारीक लागतात, मसुराला रुंद, नाहीतर दाणा आतच घोटाळत राहतो आणि फुटतो. तेव्हा जाळी बदलण्याचा विचार बरोबर होता, हे मी मान्य करतो. पण आणलेली जाळी माझी नव्हती. भोके अंगठाभर सरकलेली. लेनने दोन तास खटपट केली, मग हातोडा उचलला.

"थांब!" व्हेरा ओरडली. तिच्या हातात जेवणाचा डबा होता, पेरोगी म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या आणि आंबट साय. "बसत नाहीये तर ठोकतोस काय?"

"बसेल. सारखंच मॉडेल आहे."

"सारखं असतं तर बसलं असतं, लेन."

"मग विकून टाकू याला. सांग, विकू? मी आज जाहिरात देतो."

व्हेराने डबा माझ्या शिडीवर ठेवला, कुंपणाची तार तोडली आणि वाकवून फूटभर व्यासाचे एक कडे केले. मग ती माझ्या केबिनमध्ये चढली, मला उभ्या पिकात थोडे पुढे नेले, थांबवले आणि दहा पावले मागे घेतले. खाली उतरून तिने ते कडे आधी न कापलेल्या मसुरात टाकले आणि गुडघ्यांवर बसून आतले सांडलेले दाणे मोजले. मग जिथे नुसते माझे तोंड फिरले होते, तिथे मोजले. मग माझ्या मागे, भुशाखाली मोजले. बोटाने माती उकरून एकेक दाणा. लेन डब्यातले पेरोगी खात बघत होता.

"उभ्या पिकात चार," ती म्हणाली. "मागे, भुशात, सात. आणि तोंडाखाली किती माहितीये?"

"किती?"

"एकसष्ट. शिवाय बुडख्यांना लटकलेल्या शेंगा मी मोजल्याच नाहीत."

लेन चावायचा थांबला. "म्हणजे मशीन टाकत नाहीये?"

"मशीनपर्यंत पोचतंय कुठे? तोंडातूनच सांडतंय. हे तोंड कोणी निवडलं?"

"मला सांगायचंस की तेव्हा!"

"विचारलं होतं मी. पेलेल का म्हणून. आणि तू 'का नाही' म्हणालास, नि मी गप्प बसले. माझंही चुकलंच."

मित्रांनो, त्या क्षणी माझे इंजिन बंद होते, नाहीतर मी आनंदाने थरथरलो असतो. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी आरोप करण्याआधी मोजून बघितले होते.

व्हेराने जाळीसाठी गावातल्या सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. काउंटरवर स्टेला असते, तीस वर्षे तिथेच आहे. तिने व्हेराला पुढे बोलूच दिले नाही.

"नंबर सांग."

"मॉडेल नंबर ना? तो..."

"मॉडेल सगळ्यांनाच पाठ असतं गं. तुझ्या मशीनचा स्वतःचा नंबर. त्या मॉडेलची जाळी मध्येच बदलली होती. एका नंबराच्या अलीकडच्याला एक लागते, पलीकडच्याला दुसरी. लेनला दोनदा सांगितलं मी, नंबर आण. तो म्हणतो, लाल आहे, मोठा आहे. आता लाल आणि मोठा मी कुठल्या फळीवर शोधू?"

माझा नंबर शिडीजवळच्या पट्टीवर कोरलेला आहे. पण दोन वर्षांपूर्वी लेनने मला हौसेने रंगवले, तेव्हा त्या पट्टीवरही रंग फासला. व्हेराने डब्यातला चमचा घेतला आणि पट्टी खरवडायला लागली. मग खिशातला चाकू काढून लेनही तिच्या शेजारी बसला.

"हा सात आहे का एक?"

"सात. आडवी रेघ दिसतेय बघ."

नंबर ऐकल्यावर स्टेलाने पुढचे प्रश्न विचारले. पीक कुठले, जमीन किती वरखाली, पुढे वजन किती उचलतो. ओरेस्टनंतर हा प्रश्न विचारणारी ती पहिलीच. मग ती म्हणाली, "जाळी परवाच्या बसने येईल. आणि तुला वाकत्या पात्याचं हेडर हवं, पंचवीस फुटी. त्याहून मोठं त्याच्या गळ्यात बांधू नकोस. माझ्याकडे आत्ता नाहीये. थीसनकडे आहे, विचारून बघ."

लेन स्वतः थीसनकडे गेला. त्याला ते किती जड गेले असेल, हे मला माहीत आहे. एब म्हणाले, "देतो. माझा मसूर अजून दोन दिवसांचा आहे, तो झाला की घेऊन जा. आणि ते छत्तीस फुटी काय करणार? कोंबड्यांना बसायला छान आहे."

ते दोन दिवस स्वच्छ ऊन होते. मी शेडच्या दारात तोंडाशिवाय उभा होतो आणि समोर मसूर वाळून तडकत होता. असे ऊन वाया जाताना बघणे म्हणजे काय, ते कसे सांगू?

तिसऱ्या दिवशी जाळी आली. सहा बोल्ट, पंधरा मिनिटे, हातोड्याला कोणी हात लावला नाही. पंचवीस फुटी तोंड पुढे लागले. व्हेराने ड्रमची गती कमी केली आणि आम्ही निघालो. पाते जमिनीला चिकटून, खळग्यात खाली, उंचवट्यावर वर, असे सळसळत चालले होते. टाकीत दाणे पडण्याचा आवाज बदलला. अख्खा दाणा वेगळा वाजतो. व्हेराने एकदा मूठभर दाणे हातात घेतले, फुंकर मारली आणि लेनच्या तळहातावर ठेवले. "अख्खे आहेत गं," तो एवढेच म्हणाला.

तीन दिवसांत आम्ही दोनशे दहा एकर केले. मग पाऊस आला. चार दिवस थांबला नाही. उरलेल्या साठ एकरांतला मसूर काळवंडून जमिनीला चिकटला. त्याला कोणी विचारले नाही.

लेन आणि व्हेरा शेडच्या दारात पाऊस बघत उभे होते.

"ते दोन दिवस मिळाले असते तर..." लेन म्हणाला.

"मिळालेच होते आपल्याला," व्हेरा म्हणाली. "घेण्याआधी मोजलं असतं, तर तोंडाची वाट बघण्यात गेले नसते."

विक्रीची जाहिरात लेनने दिली नाही. पण त्या दिवशी मला त्याचाही आनंद झाला नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी शिलाई मशीन असेल, पाण्याची मोटर असेल, एखादी सायकल असेल. ती अडली की तिला नावे ठेवू नका. तिच्यापाशी बसा. नेमके कुठे अडते ते हाताने चाचपून बघा. तिला काय पेलते ते आधी विचारा आणि मगच तिच्यासाठी काही घ्या. आम्हाला बोलता येत नाही. आम्ही फक्त चुकीच्या तोंडाने चुकीचे खात राहतो आणि शिव्या ऐकतो.

ते साठ एकर मला जमले असते.