बिनकामाचं फंक्शन

"'आज म्हणजे काल आहे का?' एवढंच माझ्या फंक्शनला विचारायचं," दाढीवाला म्हणाला. "मग ते तारीख बघतं, वार बघतं, घड्याळ बघतं आणि शेवटी सांगतं, नाही."

खोलीत हशा पिकला. कुणीतरी टेबलावर थापा मारल्या.

दोन-एक महिने हे चाललं होतं. दर शुक्रवारी चहानंतर प्रोग्रामर मंडळी पैज लावत, सगळ्यात बिनकामाचं फंक्शन कोण लिहितो. फंक्शन म्हणजे एखादंच काम करून देणारा प्रोग्रामचा छोटा तुकडा. नियम दोनच. त्या कामाचा कुणाला काडीचाही उपयोग होता कामा नये, आणि ते बिनचूक चाललं पाहिजे. एकाचं फंक्शन दिलेल्या आकड्यापर्यंत एकापासून मोजत जाई आणि दमूनभागून तोच आकडा परत देई. दुसऱ्याचं तीनदा "नक्की ना?" विचारून काहीच करत नसे. जिंकणाऱ्याच्या टेबलावर आठवडाभर एक मोडका कीबोर्ड मानानं विराजमान होई.

कोपऱ्यातल्या खुर्चीवरची बाई या हशात नसायची. ती टेस्टर. दुसऱ्यांनी लिहिलेल्या प्रोग्राममधल्या चुका शोधायच्या, हे तिचं बावीस वर्षांचं काम. तिच्या हातून काही निसटत नसे, म्हणून माघारी तिला 'चाळणी' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. तोंडावर सगळे मॅडम म्हणत, तेवढं तिला पुरे होतं. मात्र दर शुक्रवारी ती हे सगळे विनोद एका चिठ्ठीवर उतरवून घेई. वर तक्रार जाणार, अशी दोघातिघांची खात्रीच होती.

चिठ्ठी जात होती ती घरी.

तिचा नवराही प्रोग्रामर. चौदा महिन्यांपूर्वी एका सकाळी दात घासता घासता तो कोसळला. उजवी बाजू लुळी पडली आणि बोलण्यातला एकच शब्द मागे राहिला, हो. भूक लागली तरी हो, नको असलं तरी हो, चिडला तरी हो. अक्षरंही सापडेनाशी झाली. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, त्यांना आवडायचं ते करू द्या. पण तो काहीच करत नसे. दिवसभर सोबतीला त्याची थोरली बहीण येई. ती यायची तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून असायचा, जायची तेव्हाही.

पहिली चिठ्ठी वाचून दाखवली त्या दिवशी "नक्की ना?" वाल्या फंक्शनवर तो हसला. तोंड वाकडं झालं, डोळ्यांतून पाणी आलं, पण ते हसूच होतं. चार दिवसांनी त्यानं डाव्या हातानं लॅपटॉपकडे बोट दाखवलं.

चार ओळींना तीन आठवडे लागले. ती ऑफिसात असताना तो लिहायचा, पुसायचा, पुन्हा लिहायचा. मदत करू का, असं तिनं एकदा विचारलं, तर असा काही "हो" गुरगुरला की ती मागे सरली. फंक्शन साधं होतं. त्याला कुठलाही प्रश्न विचारा, उत्तर यायचं, हो.

तिला तपासायला त्यानं दिलंच नाही; पुढच्या शुक्रवारी तिनं ते तसंच सगळ्यांसमोर मांडलं. "माझं नाही, एका जुन्या प्रोग्रामरचं आहे," एवढंच सांगितलं.

"कुठलाही प्रश्न विचारायचा?" दाढीवाल्यानं विचारलं.

"कुठलाही."

"हे काम सोमवारपर्यंत होईल का?"

"हो!" मागून दोघंतिघं एकदम ओरडले.

"अरे, हे तर आपल्या साहेबांवरूनच लिहिलंय!"

हसून हसून लोकांच्या पोटात दुखू लागलं. दाढीवाल्यानं मोडका कीबोर्ड उचललासुद्धा. मग कुणीतरी ते फंक्शन चालवलं. ते चाललं नाही. शेवटचा कंस टाकायचा राहिला होता, आणि तेवढ्यानंही प्रोग्राम अडतो.

"हात्तिच्या, एवढंच ना? मी टाकतो."

"नको," ती म्हणाली.

"मॅडम, एक कंस तर टाकायचाय! जिंकतंय ते."

"ज्याचं आहे त्याच्याकडे परत जाईल. बिनचूक चाललं पाहिजे, हा तुमचाच नियम आहे ना?"

दाढीवाल्यानं हात जोडले. कीबोर्डचा मान दुसऱ्याच कुणाला तरी मिळाला. चाळणी ती चाळणीच, असं मागे कुणी पुटपुटलं.

घरी नणंद दारातच उभी होती. "दुपारपासून नुसता घड्याळाकडे बघतोय. हसले का गं सगळे?"

"खूप हसले." ती पलंगापाशी गेली. "अरे, पोटं धरून हसले. पण चाललं नाही. शेवटचा कंस राहिलाय."

त्याचा चेहरा पडला. मान भिंतीकडे वळली.

नणंदेनं तिला ओढतच स्वयंपाकघरात नेलं. "चाललं म्हणून सांगायचं होतंस की! आजारी माणसाला कसलं नापास करतेस? त्याला काय कळणार होतं?"

"कळलं असतं, ताई."

वीस वर्षांपूर्वी त्याच्या प्रोग्राममध्ये तिनं एक्केचाळीस चुका काढल्या होत्या. तो तणतणत तिच्या टेबलाशी आला, चाळीस कबूल केल्या आणि उरलेल्या एकीवरून आठ दिवस भांडला. त्या भांडणातूनच पुढे लग्न ठरलं होतं.

"सगळे त्याला छान म्हणतात," ती म्हणाली. "पेला धरला तरी छान, पाऊल टाकलं तरी छान. मीही तेच म्हणायला लागले, तर त्याच्याशी नीट बोलणारं उरलं कोण?"

नणंदेनं पदरानं डोळे टिपले, चपला घातल्या आणि निघून गेली.

शनिवारी त्यानं लॅपटॉपला हात लावला नाही. जेवलाही अर्धवट. दुपारी तो झोपल्यावर तिनं लॅपटॉप उघडला आणि ती चौथ्या ओळीखाली जाऊन थांबली. एक कंस. मग तिनं झाकण लावून टाकलं.

रविवारी सकाळी ती खोलीत आली तेव्हा लॅपटॉप त्याच्या मांडीवर होता. या कंसाला दोन कळा एकदम दाबाव्या लागतात. तो ते कसं करतो, हे तिनं आजवर पाहिलं नव्हतं. डाव्या हातानं त्यानं लुळा उजवा हात मनगटाशी धरून उचलला, एखादं वजन ठेवावं तसा एका कळेवर ठेवला, आणि तो घसरायच्या आत डाव्या बोटानं दुसरी कळ दाबली. तीनदा हात घसरला. चौथ्यांदा कंस उमटला. त्यानं पडदा तिच्याकडे वळवला.

ती खुर्ची ओढून बसली आणि ऑफिसात तपासते तसं तपासू लागली. एक प्रश्न विचारला. हो. नुसता आकडा दिला. हो. पानभर लांब प्रश्न दिला. हो. मग काहीच न लिहिता तिनं कळ दाबली. हो.

तिनं कागद घेऊन लिहिलं, 'प्रश्न विचारलेला नसतानाही फंक्शन हो म्हणतं,' आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं वाचलं. पुन्हा वाचलं. भुवया चढल्या.

"हो!" तो तिच्यावर खेकसला, लॅपटॉप स्वतःकडे ओढला आणि तिला पडदा दिसू नये असा खांदा आडवा करून बसला.

ती उठली. दोरीवरचे कपडे वाळले होते. ते काढून ती एकेकाची घडी घालत राहिली. आत एक कळ वाजली. बऱ्याच वेळानं दुसरी.