कच्च्या वहीतलं पान

महिपतींना आयुष्यात फार पत्रं आली नाहीत, आणि जी आली त्यांना त्यांनी उलट टपाली उत्तरं पाठवली. एकच राहिलं. आवडी कातकरणीचं. दहा वर्षं ते शब्दकोशाच्या पानांत पडून होतं. तेव्हापासून त्यांनी तो शब्दकोश उघडलाच नव्हता. एखादा शब्द अडला तर दुसरा वापरायचे.

शाळेच्या वहीतून फाडलेल्या कागदावर आवडीच्या मुलीनं, पाचवीतल्या पारीनं, लिहिलं होतं: 'भाऊसाहेब, बाबा सांगतात सभेत तुम्ही आमच्या घरांचं लिहून घेतलं. ते पान द्या. सोमवारी घरं पाडायला येणार. आई विचारते पान घ्यायला कधी येऊ.'

महिपती तेव्हा पेण आणि रोह्याच्या मधल्या एका लहानशा नगरपरिषदेत सभा-लिपिक होते. सभेत कोण काय बोललं ते कच्च्या वहीत उतरवायचं, आणि महिनाभरात त्यातलं निवडून पक्क्या इतिवृत्तात नीटस मराठीत लिहायचं, हे त्यांचं काम. काय निवडायचं याचा तिथे एक रिवाज होता. नगराध्यक्ष हैबतराव ज्या बोलण्यानंतर 'नोंद घ्या' म्हणत, तेवढंच पक्क्यात जायचं. बाकीचं कच्च्यात राहायचं आणि पुढे रद्दीत. शिपायापासून सगळ्यांना हे ठाऊक होतं. आवडीच्या नवऱ्याला, दामूला, ठाऊक नव्हतं.

ते मंदीचं वर्ष होतं. कंत्राटी पोरं घरी बसली होती आणि सभेत तेच चाललं होतं. हैबतराव म्हणाले, "डोलवीच्या कारखान्यातल्या शिफ्टवर आपलं गाव किती दिवस जगणार? स्वतःचं काहीतरी पाहिजे. नदीकाठी बाग करू, होड्या ठेवू, तिकीट लावू. शंभर टपऱ्या चालतील." एस.टी. स्थानकाला वर्षानुवर्षं निधी मिळत नव्हता. पण बाग दाखवली की बागेचा रस्ता मंजूर होणार होता, आणि त्याच रस्त्यावर स्थानक बसत होतं. अडचण एवढीच की काठावर कातकऱ्यांची अकरा घरं होती. त्यांचे ना-हरकतीचे अंगठे हवे होते. म्हणून दामूला बोलावलं होतं. वाडी त्याचं ऐकायची.

तो दाराशी चपला काढून उभा राहिला. खुर्च्या रिकाम्या होत्या, पण त्याला कोणी बस म्हटलं नाही.

"साहेब, बाग करा. पन आमी कुटं जावं?"

"कुठं कशाला जातोस?" सदस्य पोपटशेठ म्हणाले. "बागेत पिंजरा करू. तुला आत ठेवला की तिकीट दुप्पट खपेल."

सभागृह हसलं. महिपती हसले नाहीत. त्यांनी कंसात 'हशा' असं लिहिलं.

हैबतरावांनी हात वर केला. "गप रे पोपट. दामू, इकडे बघ. तुमची अकरा घरं कुंपणाच्या बाहेर राहतील. वीटसुद्धा हलणार नाही. शब्द देतो."

आणि ते पुढच्या विषयाकडे वळले. नोंद घ्या म्हणाले नाहीत.

महिपतींचं पेन कच्च्या वहीत तो शब्द लिहून थांबलं होतं. दामू टेबलापाशी आला आणि वाकून वहीत बघू लागला. त्याला वाचता येत नव्हतं.

"लिवलं ना भाऊसाहेब?"

"हो," महिपती म्हणाले. "लिहिलं."

खोटं नव्हतं ते. पुढचं सांगायला मात्र तोंड उघडायला हवं होतं, आणि भरल्या सभेत तोंड उघडणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

दामूनं त्याच संध्याकाळी घरोघर जाऊन सांगितलं, "भाऊसाहेबांनी लिवलंय, म्या डोल्यांनी बघितलं." अकरा घरांचे अंगठे झाले. पक्क्या इतिवृत्तात महिपतींनी लिहिलं, 'रहिवाशांच्या सूचना ऐकून चर्चेअंती सर्वानुमते मंजूर.' वाक्य चांगलं जमलं होतं. ते त्यांनी दोनदा वाचलंही होतं.

मग आवडीचं पत्र आलं. कच्ची वही घरी ट्रंकेत होती, ती त्यांनी रद्दीत दिली नव्हती. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. रविवारी त्यांनी उत्तराचे तीन मसुदे केले. 'स. न. वि. वि.' हे कातकरणीला लिहावं की नाही, यावर त्यांचं अडलं. सोमवारी घरं पडली.

पुढच्या महिन्यात चहा पिताना हैबतराव म्हणाले, "पान मागायला कोणी आलं नाही, बरं झालं. विरोधक टपून बसले होते. तुमच्या हातचं एक पान बाहेर आलं असतं, तर अकराच्या अकरा घरं सोडावी लागली असती मला." आणि त्यांनी बशीतलं बिस्किट महिपतींच्या पुढे सरकवलं. महिपतींनी ते खाल्लं.

नोकरी संपली. महिपती पेणला रामवाडीत राहायला आले. परवा रोह्याला एका लग्नाला गेले होते, आणि एस.टी. स्थानकाबाहेर त्यांना हाक आली. "भाऊसाहेब ना तुमी?"

आवडी. पुढ्यात शेवळांच्या, पावसाळ्यातल्या रानभाजीच्या, जुड्या मांडून बसली होती. केस पार पिकले होते.

"दामू कसा आहे?" त्यांनी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"दामू? त्याला जाऊन सा वर्सं झाली. वाडी समदी निडीला गेली, ठेसनाच्या मागं. आमाला नाय घेतलं. वाडीतला पांडू म्हनला, दामूनं पैसं खाऊन घरं विकली, लिवलं-बिवलं कायबी नवतं. मयताला खांदा द्यायला यक जन नाय आला. मी आनि पोरीनं हातगाडीवरनं नेला." ती शेवळांवर पाणी शिंपडत बोलत होती. "आता पारीची सोयरीक परत गेली. पांडूच्याच भावकीतला पोरगा. म्हनला, चोराची पोरगी नको."

महिपतींनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"यक इचारू? आमचं पत्र मिळालं व्हतं का तुमाला?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "नाही गो," ते म्हणाले. "मिळालं नाही."

आवडी त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं कपाळावर हात मारला. "अगो माझ्ये आयशी! पोष्टानं खाल्लं म्हना की! आनि आमी दा वर्सं तुमाला शिव्या घालतोय. तो तर मरताना बी तुमाला शिव्या घालून मेला. माफ करा हो भाऊसाहेब." तिनं दोन जुड्या त्यांच्या पिशवीत कोंबल्या. ते पैसे काढू लागले तर तिनं त्यांचा हात धरला. "नाय, नाय. पाप फिटूद्या माझं. काकडाची आंबट फळं घाला भाजीत, नायतर घसा खाजंल."

घरी विमलबाईंनी भाजी केली. काकडं घालूनच केली. महिपतींना घास गिळेना. "खाजतंय का?" बायकोनं विचारलं. "हो," ते म्हणाले, आणि ताटावरून उठले.

त्यांनी ट्रंक उघडून वही काढली. पान सापडलं. हैबतरावांचा शब्द होता, तारीख होती. त्याच्या वर पोपटशेठचा पिंजरा होता आणि कंसातला हशाही. पारी हे पान आईला वाचून दाखवणार. ती ओळ खोडावी म्हणून त्यांनी पेन टेकवलं आणि उचललं. खोडलेल्या पानावर पांडूनं विश्वास ठेवला नसता.

पान नुसतं पांडूलाच पाठवलं तर? दामूचं नाव धुऊन निघेल आणि आवडीला पत्राचं कळणारही नाही. हा विचार त्यांना फार आवडला. पाकिटावर पांडूचं नाव लिहूनही झालं. मग ते पाकीट फाडून त्यांनी दुसरं घेतलं. त्यावर आवडीचं नाव आणि रोहा एस.टी. स्थानकाजवळ, शेवळं विकणारी, असा पत्ता घातला. आत पानासोबत चार ओळी: 'तुमचं पत्र मला मिळालं होतं, त्याच आठवड्यात. स्थानकाबाहेर मी खोटं बोललो. दामू खरं सांगत होता. हे पान पांडूला दाखवा.' शेवळांचे पैसे घालावेत असंही मनात आलं होतं. लाज वाटली म्हणून घातले नाहीत.

सकाळी पेणच्या पोस्टाबाहेरच्या पेटीत त्यांनी पाकीट टाकलं आणि पायरीवर बसून राहिले. पावणेअकराला टपालवाल्यानं पेटी उघडून सगळं थैलीत ओतलं.

महिपती उठले. "अहो, त्यात माझं एक पाकीट आहे. जरा परत मिळेल का?"

"टाकलेलं परत नाय मिळत काका," तो म्हणाला. त्यानं थैलीचं तोंड आवळलं आणि ती गाडीत फेकली.