दाराबाहेरचा वर्ग

इयरफोनच्या वायरीला पांढरी चिकटपट्टी गुंडाळलेली — रक्त काढल्यावर कोपराच्या आत लावतात तीच — आणि तिच्या कडेला धूळ बसून काळी रेघ झालेली... वसुधा त्या रेघेकडेच बघत राहिली, कारण दिशाच्या तोंडाकडे टक लावून बघणं बरं दिसलं नसतं. चारकोपच्या त्या इमारतीच्या जिन्यात दिशा भिंतीला टेकून, डोळे मिटून मोबाइल ऐकत होती. तपासणीसाठी घरोघरी जाऊन रक्त घेणारी मुलगी. आणि सकाळपासून प्रत्येक दाराआधी हे असंच, तोच दोन मिनिटांचा व्हिडिओ. अगं, तुला येतं की हे सगळं! मीच शिकवलंय, रबरी हातावर शीर चाचपायला, सुई तिरकी धरायला. परीक्षेत पहिली आलेली पोर. मग येत असलेलंच पुन्हा पुन्हा कशाला?

वसुधाने आजवर प्रशिक्षणाचे जेवढे अभ्यासक्रम आखले ते एकाच रीतीने: आधी माणसांची गरज तपासायची, मग आराखडा, मग साहित्य, मग वर्ग, आणि शेवटी मोजमाप. पायरी गाळायची नाही. आणि आता अंधेरीच्या ऑफिसात कृणाल — तिच्याच हाताखाली तयार झालेला, आता तिचाच साहेब — म्हणत होता की ताई, एवढा वेळ आहे कोणाकडे? त्याने तिचा आठवडाभराचा वर्ग कापून दोन-दोन मिनिटांचे तुकडे केले, मधली भर संगणकाकडून लिहून घेतली आणि सगळं मोबाइलवर टाकून मोकळा झाला. लोक काय बघतात ते बघू, मग बदलू. म्हणजे आधी वाढायचं आणि मग भूक विचारायची! हे असे तुकडे बनवायचं नवं काम हाती घेणार की नाही, ते तिने आज संध्याकाळपर्यंत सांगायचं होतं. नाही म्हटलं तर सल्लागारपद... म्हणजे सभ्य भाषेत, घरी बसा. राग आला होता, खूपच आला होता. पण सकाळी ती दिशाबरोबर फिरायला निघाली, कारण गरज तपासायची सवय काही सुटत नव्हती.

"दिशा, तुला हे पाठ आहे ना गं? मग कशाला बघतेस?"

दिशा लाजली. "बघत नाही मॅडम. शेवटचं ऐकते फक्त." आणि तिने एक इयरफोन वसुधाला दिला.

वसुधाचाच आवाज. नाही सापडली शीर तर थांब गं, सुई ठेव, त्यांच्याशी जरा बोल...

अरे देवा, हे कापायचं राहिलंच! वर्गात दर्शना नावाच्या मुलीला रबरी हातावर शीर सापडेना, तिच्यासाठी पटकन तोंडातून निघालेलं हे, रेकॉर्डिंग चालू असताना. अभ्यासक्रमाच्या कुठल्याच उद्दिष्टात बसत नव्हतं — 'जरा बोल' हे मोजणार कसं? — म्हणून तिनेच कृणालला कापायला सांगितलं होतं. पठ्ठ्याने घाईत पुढचं 'धन्यवाद' कापलं आणि हे ठेवलं.

पण वर्गात तर तू होतीस की, तिने विचारलं, तेव्हाच ऐकलंस ना?

"ऐकलं. पण वर्गात भीती वाटलीच नव्हती मॅडम. ती दाराशी वाटते."

एवढं बोलून दिशाने बेल वाजवली. आत एकटी म्हातारी, तिला जास्त माणसं नकोत, म्हणून वसुधा बाहेरच थांबली. तेवढ्यात कृणालचा फोन. तुम्ही कापायला सांगितलेलं ते एक वाक्य चुकून राहिलंय ताई, आत्ता दिसलं, सॉरी, काढतो, असं तो म्हणाला आणि लगेच, संध्याकाळचं काय ठरलं?

"काढू नकोस ते."

"मग कुठल्या उद्दिष्टाखाली ठेवू?" हे तिनेच त्याला शिकवलेलं.

"माहीत नाही," वसुधा म्हणाली, आणि तिलाच नवल वाटलं. कृणालपाशी हे शब्द तिने कधी उच्चारले नव्हते. संध्याकाळचं नंतर बोलू म्हणून तिने फोन ठेवला.

दाराआड म्हातारी हसली, मग दिशा. काय बोलली असेल? शिकवलेलं किती राहिलं ते आपण मोजत आलो... आणि न शिकवलेलं काय काय घेऊन गेली असतील माणसं, कुठल्या कुठल्या दारांत? त्या विचाराची तिला भीती वाटली, खाली निघून जावंसं वाटलं. तरीही पाय जिन्याकडे वळेनात. शेजारच्या दारातून कोणी बघेल याची पर्वा न करता तिने लाकडाला कान लावला, श्वाससुद्धा रोखून. आतलं नीट ऐकू येत नव्हतं, आणि तिला ते ऐकायचंच होतं.