माझ्या सहा घरांचे माप

मित्रांनो, दचकू नका, मी रिकामे आहे. विश्वास बसत नसेल तर स्वतः बघून खात्री करा. आमच्याकडे असे बघितल्याचा कोणाला राग येत नाही. मी एक जुने रिव्हॉल्व्हर आहे. मोंटानातल्या एका खोऱ्यात, वेंडेल हाउगेन या माणसाच्या कपाटातल्या खणात, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेले. मला बघून लोक घाबरतात आणि त्यांचे काही चुकत नाही. पण मीही किती घाबरले, ते आजवर कोणाला कळले नाही.

लांबच्या एका कारखान्यात पोलादाच्या दांड्यातून माझा जन्म झाला. माझ्या फिरत्या चक्रात सहा घरे आहेत. एकेका घरात एकेक काडतूस बसते. चाप ओढला की गोळी घराच्या पुढच्या तोंडातून निघून नळीत शिरते. मला घडवले त्या दिवशी भोके पाडायचे हत्यार नवेकोरे होते, झिजून बारीक झाले नव्हते, म्हणून माझी घरे किंचित सैल झाली. किंचित म्हणजे किती? केसाच्या जाडीहूनही कमी. एवढ्याशा फरकाने पुढे काय काय झाले ते ऐका.

वेंडेल लाकडाच्या गिरणीत करवतींना धार लावायचा. मापाच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा. त्याने मला जुन्या बाजारातून आणले, सहाही घरे मोजली आणि त्या मापाची एक पोलादी कडी मागवली. शिसे वितळवून तो घरीच गोळ्या ओतायचा, मग एकेक गोळी त्या कडीतून दाबून काढायचा. गोळी माझ्या घरात बोटाने ढकलली तरच जायची, आपणहून पडायची नाही. तसेच पाहिजे असते.

ते दिवस सुखाचे होते. नेम धरायची त्याची बायको आर्लिस. गावच्या स्पर्धेत तिने माझ्या जोरावर चार वेळा सॉसेजची माळ जिंकली. लोक मला हातात घेऊन म्हणत, "वेंडेल, हे विकायचं झालं तर आधी मला सांग हं!" मी फुगून जात असे.

मग ती कडी गंजली. वेंडेलने माझी घरे पुन्हा मोजली. या वेळी तो मोजपट्टीचे आकडे खिडकीशी नेऊन बघत होता, कधी लांब धरून, कधी नाकाशी. आर्लिसने विचारले, "मी वाचू का?" तो उसळला, "मला दिसतंय!" नवी कडी आली, तिचे भोक बारीक होते. तिच्यातून निघालेल्या गोळ्या माझ्या घरांत खुळखुळायच्या. बार उडाला की आगीचा लोळ गोळीच्या कडेने पुढे घुसायचा आणि वितळलेले शिसे माझ्या नळीला आतून चिकटायचे. दर खेपेला थोडे थोडे. माझा घसा अरुंद होत चालला होता आणि गोळ्या भलतीकडे जात होत्या.

"आर्लिस, तू चाप झटकतेस," वेंडेल म्हणाला.

"मी? चार माळा आणल्या तेव्हा नव्हते का झटकत? खाताना तर बरा गप्प होतास."

मेच्या एका शनिवारी आम्ही नेमाच्या सरावाला खडीच्या खाणीत गेलो. वेंडेलने खिशातून विकतची काडतुसे काढली, तांब्याच्या कवचाच्या कडक गोळ्यांची. "या तीन-चार मारल्या की सगळं शिसं खरवडून निघतं. आमचे म्हातारे हेच करायचे," तो म्हणाला.

मित्रांनो, मला तोंड असते तर मी किंचाळले असते. आधीच चोंदलेल्या नळीतून ती कडक गोळी जायची कशी? पहिल्या बाराला माझे अंग हादरले. दुसऱ्याला चक्र कण्हले. तिसऱ्याला माझ्या मानेशी, जिथे नळी सुरू होते तिथे, काहीतरी तडकले. दोघांच्याही कानांवर आवाज अडवणाऱ्या जाड टोप्या होत्या, त्यामुळे कोणालाही ऐकू गेले नाही.

वेंडेलने मला रिकामे करून आर्लिसच्या हाती दिले. "घे. आता सरळ जाईल."

तिने रिवाजाप्रमाणे सहाही घरे रिकामी असल्याचे बघितले आणि काडतुसे भरायला लागली. एक. दोन. तीन. तिची बोटे माझ्या चिरेपासून दोन बोटांवर होती आणि मी फुटले तर आधी कोणाला लागणार हे मला माहीत होते. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती. सहावे काडतूस बसले. ती चक्र आत मिटवायला गेली, ते मिटेना. चिरेची कड वर आली होती, तिथे ते अडले.

"जोर लाव," वेंडेल म्हणाला.

"जोर लावून मिटवायला ही काय सुटकेस आहे?" तिने सगळी काडतुसे बाहेर काढली आणि माझ्या मानेशी वाकून बघितले. "इथे केस चिकटलाय." तिने रुमालाने पुसले. केस निघाला नाही. पुन्हा पुसले. मग नख फिरवले आणि तिचा हात थांबला. "वेंडेल, हा केस नाही रे."

तो जवळ येऊन बघत राहिला. त्याला काहीच दिसले नाही.

आर्लिसने डब्यातली एक घरी ओतलेली सुटी गोळी उचलली आणि माझ्या घराच्या तोंडात सोडली. ती अडली नाही, सरळ आरपार खाली खडीवर पडली. दुसऱ्या घरातूनही पडली. सहाही घरांतून.

वेंडेल खडीवर बसला. "दोन वर्षं झाली," तो म्हणाला. "बारीक रेघा दिसत नाहीत. अंदाजाने सांगतो."

"मग बोलला का नाहीस?"

"तू माझ्या हातातून सगळं काढून घेशील, असं वाटलं."

आर्लिस त्याच्या शेजारी बसली. "हात गेला असता माझा, वेंडेल," एवढेच ती बोलली.

त्या दिवसानंतर मी कधी उडाले नाही. माझी चीर भरून येण्यासारखी नाही. आता घरात दुसरे रिव्हॉल्व्हर आहे. खणाच्या फटीतून मला ऐकू येते: आर्लिस आकडा वाचते, वेंडेल म्हणतो, "पुन्हा वाच," आणि ती कुरकूर न करता पुन्हा वाचते.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूला कोणाला माफ करता येत नाही. म्हणून माझे एकच मागणे आहे. तुमच्या घरात कोणी चिडून "मला दिसतंय" म्हणाले, तर उठून जाऊ नका. शेजारी बसा आणि आकडा तुम्ही वाचा.