ताटलीवरची मुंगी

केमोनंतर रावसाहेबांच्या पांढऱ्या पेशी फार उतरल्या होत्या. फ्रिजमधलं काहीही चांगलं वाफाळल्याशिवाय द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी दोनदा बजावलं होतं. वारज्याच्या फ्लॅटमध्ये पूर्णिमाने गरम केलेल्या खिचडीचा वाडगा सासऱ्यांसमोर ठेवला, मायक्रोवेव्हचं दार लावायला वळली आणि थबकली. आतल्या काचेच्या ताटलीवरून एक मुंगी आरामात चालत होती.

दोन मिनिटं मायक्रोवेव्ह चालूनही मुंगी जिवंत कशी?

मग तिच्या लक्षात आलं. आतल्या लहरी धातूच्या भिंतींवर आपटून परततात. काही जागी त्यांचा जोर एकवटतो, काही जागी जवळजवळ उरतच नाही. मुंगीचा जीव इवलासा, तापला तरी लगेच निवतो, आणि चटका बसताच ती गार जागेकडे सरकते. खिचडीला सरकता येत नाही. म्हणून तर ताटली फिरावी लागते.

"अहो आई, ताटलीखालची चाकांची रिंग कुठंय?"

"किरकिर करत होती, सकाळीच काढून ठेवली," सासूबाई म्हणाल्या.

रावसाहेबांचा चमचा ओठांशी पोचला होता.

"बाबा, थांबा!" तिने वाडगा ओढून घेतला. "एखादा घास गेला का पोटात?"

"तू ओरडल्यावर कसा जाईल?"

तिने खिचडीत बोट खुपसलं. कडेला चटका बसला. मध्यभागी खिचडी बर्फासारखी गार होती.

"आता हात पण त्यातच धुऊन घे," रावसाहेब म्हणाले.

पूर्णिमाने तो वाडगा बाजूला सारला, कुकरमध्ये नवे डाळ-तांदूळ लावले आणि शिट्ट्या होईपर्यंत ती ओट्यापासून हलली नाही.