आतला पॅड, बाहेरचा पॅड

पिथमपूरच्या ट्रॅकवर पाचव्या फेरीत अर्पितच्या गाडीचा ब्रेक गेला. पेडल थेट तळाला टेकलं आणि ती लाल, दोनच सीटांची गाडी वळण सोडून वाळूत जाऊन रुतली. त्याला साधं खरचटलंही नाही. पण गाडी ट्रकवर लादून धारला घरी आणावी लागली.

पुढच्या महिन्यात पुन्हा तिथेच गाड्या पळणार होत्या. टाइल्सचं दुकान सांभाळता सांभाळता अर्पितने आठवडाभर मोबाइलवर शोधाशोध केली आणि यादी केली: शर्यतीचे सगळ्यात कडक ब्रेक पॅड, भोकं पाडलेल्या डिस्क, सगळ्यात भारी ब्रेक ऑइल. त्याची बायको रुची म्हणाली, "मागवण्याआधी एकदा आईला विचार ना."

"ब्रेकचं? आईंना?"

"सव्वीस वर्षं ब्रेक लायनिंगच्या कारखान्यात तपासणी विभागात होती ती. तुला काय वाटलं?"

अर्पितला वाटलं होतं, सासूबाई ऑफिसात टेबलावर असतील. लग्नाला चार वर्षं झाली, तरी त्याने कधी विचारलं नव्हतं. विद्युल्लताबाई मुळात मितभाषी. त्यात गाडीचा विषय निघाला की उठून आत जायच्या. जावयाचा हा शौक त्यांना पसंत नाही, असंच तो धरून चालला होता.

रविवारी देवासला सासूबाईंकडे जेवणं झाल्यावर त्याने जुने पॅड कागदातून काढून समोर ठेवले. बाईंनी चष्मा लावला आणि एकेक पॅड बोटांनी चाचपला.

"हे दोन्ही एकाच चाकाचे?"

"हो. पुढच्या डाव्या."

"आतला संपत आलाय, बाहेरचा जवळजवळ नवा. अर्पितराव, पॅडचा दोष नाही. पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो, त्यातली एक अडकलीय. आतला पॅड सतत घासत राहिला, तापला, आणि ऑइलला उकळी आली; त्यात वाफ धरली की पेडल पोकळ जातं. ऑइल कधी बदललं होतं?"

"मागच्या... नाही, त्याच्या मागच्या पावसाळ्याआधी."

"मग त्यात पाणीही उतरलं असणार. हवेतली ओल ते पीतच असतं."

त्याने यादी पुढे केली. बाईंनी पेन मागितलं. "ट्रॅकवर गाडी कशी नेता?"

"चालवत. घरून."

"मग हे कडक पॅड नकोत. तापल्याशिवाय ते धरत नाहीत. सकाळी वाटेत घाटा बिल्लोदच्या चौकात गाय आडवी आली तर काय कराल? मधले घ्या. डिस्क साध्या घ्या, भोकांपासून तडे जातात. ऑइल डॉट फोर दर्जाचंच, पण उच्च उकळबिंदूचं, सीलबंद बाटली. आणि दर वेळी ट्रॅकवर जायच्या आधी बदलायचं."

यादीतल्या तीनही ओळी खोडल्या गेल्या, आणि अर्पितला त्याचं जराही वाईट वाटलं नाही.

धारला मेकॅनिक गणोजीने चाक उघडलं, पिनेला दोन्ही हातांनी पिळलं आणि मान हलवली. "भिया, ये तो बिलकुल जाम है. तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सासूबाईंनी," अर्पित म्हणाला. सांगताना त्याला अभिमान वाटला.

नव्या पिना, नवं ग्रीस, नवे पॅड, नवं ऑइल. पण नवे पॅड डिस्कवर घासून बसवावे लागतात, म्हणून बाई ट्रॅकवर जायच्या आदल्या दिवशी सकाळीच धारला आल्या. सरदारपूरच्या मोकळ्या रस्त्यावर त्या शेजारच्या सीटवर बसल्या. पदर खोचलेला, पट्टा बांधलेला.

"ऐंशी. आता दाबा. थांबायचं नाही, तीसवर सोडा. पुन्हा." असं वीस वेळा झालं. मग ब्रेक न लावता पाच-सहा किलोमीटर गाडी गार होऊ दिली.

परतताना अर्पितने धीर करून विचारलं, "आई, गाडीचं बोलणं निघालं की तुम्ही उठून का जायचात?"

"तुम्ही सगळे चुकीचं बोलायचात," त्या म्हणाल्या. "आणि मला कुणी विचारत नव्हतं."

दुसऱ्या दिवशी पिथमपूरला अर्पितने दहा फेऱ्या मारल्या. शेवटच्या वळणापर्यंत पेडल दगडासारखं घट्ट राहिलं. गाडी जागेवर लावून त्याने हेल्मेट काढलं, तर बाई कठड्यापासून चालत येतच होत्या. त्यांनी चाकाजवळ वाकून पाहिलं, डिस्क तापून निळी तर पडली नाही ना, ते बघितलं आणि सरळ उभ्या राहिल्या.

"ब्रेक ठीक आहेत," त्या म्हणाल्या. "पण वळणाआधी तुम्ही ब्रेक फार लवकर दाबता. अजून पुढे जाऊन दाबायला बराच वाव आहे."