हद्दपारीचा शिक्का

निळ्या पुठ्ठ्याचा, छत्तीस पानांचा असा मी एक पासपोर्ट. मुदत संपलेली, म्हणजे आता जुनाच म्हणायचा. कोकणातल्या बुरोंडी गावच्या शिवाच्या नावाने मी घरी आलो, तेव्हा त्याच्या आईने, सोनूबाईने, मला देवापुढे ठेवून हळदकुंकू वाहिले होते.

शिवा मालवाहू जहाजावर स्वयंपाकी होता. मित्रांनो, त्याच्यासोबत मी आठ वर्षे दर्या फिरलो. बंदरोबंदरी माझ्यावर शिक्के उमटत आणि प्रत्येक शिक्क्यासरशी मी फुलून जाई.

मग एका परक्या बंदरात जहाजावरच्या एका खलाशाने घरी बोलायचे म्हणून शिवाचा फोन मागितला. शिवाने दिला. खलाशी बोलला मात्र कुणा अतिरेक्यांशी. दुसऱ्या दिवशी खलाशी पळाला आणि पोलिसांनी शिवाला धरले. अधिकाऱ्याच्या टेबलावर पडल्या पडल्या मी सारे ऐकले.

"माझ्यावर खटला भरा. कोर्टात उभं करा मला," शिवा हात जोडून म्हणाला.

दुभाष्याने अधिकाऱ्याचे उत्तर सांगितले, "खटल्याला पुरावा लागतो. परक्याला देशाबाहेर काढायला इथल्या कायद्यात संशय पुरतो."

"संशय कशावरून, ते तरी सांगा."

"ते गुप्त आहे."

सात आठवडे तो कोठडीत होता. वकील मिळेपर्यंत अपिलाची मुदत उलटली. माझ्या एकोणिसाव्या पानावर हद्दपारीचा लाल शिक्का बसला. मारणाऱ्याने मान वर करून शिवाकडे पाहिलेही नाही.

शिवाला गावी परत पाठवले, तर तिथेही पोलीस दोनदा चौकशीला आले. त्यांना काही सापडले नाही, पण दारात गाडी उभी राहिली एवढे गावाला पुरले. शिवाची मुलगी सानवी शाळेत बाकावर एकटी बसू लागली. जहाज कंपन्यांची माणसे मला उघडत, त्या पानापाशी थांबत आणि परत सरकवत. मिरकरवाडा बंदरात मासेमारीच्या ट्रॉलरवर रांधायला तरी घ्या, म्हणून शिवा गेला.

बोटीचा प्रमुख, तांडेल, म्हणाला, "तुझ्याबद्दल माझ्या मनात काय नाय रे. पण समुद्रात तपासणी होते. तुझ्यापायी बोट अडकली तर?"

त्या दिवशी घरी शिवाची बायको तुळसा रडत म्हणाली, "फाडून टाका ते पान."

"फाडलं तर खराच गुन्हा होईल," शिवा म्हणाला.

तीन वर्षांनी वकिलाचे पत्र आले. पळालेला खलाशी सापडला होता. शिवाचा काही संबंध नाही, हे त्या सरकारनेही मान्य केले होते. मात्र अपिलाची मुदत गेल्यामुळे हद्दपारीचा आदेश कायम होता.

"काय लिवलानी?" सोनूबाईने विचारले.

"मी काय केलं नव्हतं, असं लिवलानी."

"मग आता जाशील ना बोटीवर?"

शिवाने पत्राची घडी घालून ते माझ्या पानांत ठेवले. म्हातारी आत जाऊन त्याची प्रवासाची पेटी पुसू लागली. तिला कुणी अडवले नाही.

मित्रांनो, तुमच्यातले कुणी उद्या अधिकारी होतील. गुन्हेगाराला जरूर धरा. पण शिक्का उचलण्याआधी समोरच्याचे म्हणणे पुरते ऐकून घ्या. आमच्या शिवाचे कुणी ऐकले नाही, आणि आता तो कुणाला काही सांगतही नाही.